सुरीच्या टोकाएवढं

सोमवार, ८ नोव्हेंबर १९९३

आजपासून तारीख घालून लिहायचं ठरवलं. मला डायरीबियरीची हौस नाही. पण एकोणीस वर्षं एका प्रयोगशाळेत काढली की कुठे पाणी मुरतंय ते माणसाला वासावरून कळतं, आणि उद्या कोणी विचारलं तर दाखवायला हातात काहीतरी असावं.

पाणी मुरतंय ते ट्रेगरपाशी. कारोला ट्रेगर, सप्टेंबरात पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगहून डॉक्टरेट करायला आली. बर्लिनची भिंत पडल्यावर तिकडची त्यांची संस्था बंद झाली, तेव्हा आमच्या वीडेनमान प्रोफेसरांना दया आली. मार्चअखेरपर्यंत तिला घेतलंय. तोवर काही करून दाखवलं तर पुढचा करार, नाहीतर गाशा गुंडाळायचा. एकोणतीस वर्षांची आहे, चार वर्षांची मुलगी आहे, नवऱ्याचं नाव काढत नाही. मुलीला दिवसभर पाळणाघरात ठेवते. आमच्या बव्हेरियात अशी रीत नाही, पण मला काय करायचंय.

प्रश्न फार विचारते. "लेर्मरबाई, या बाटल्या कोण धुतं? लेर्मरबाई, सुया कोण उकळतं? लेर्मरबाई, कपाटाची किल्ली किती जणांकडे आहे?" मी म्हटलं, "माझ्याकडे. आणि १९७४ पासून एकही हरवलेली नाही." तर हसली आणि वहीत लिहून घेतलं. तिकडच्या लोकांना पाळत ठेवायची सवयच असते म्हणतात. कानामागून आली आणि तिखट झाली.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

तीन वाजता सगळे पळाले. मी मागे राहून पोरांना शुक्रवारचं दिलं.

माझी पोरं म्हणजे प्रोफेसरांनी आइसलंडच्या उकळत्या झऱ्यातून थर्मासमध्ये घालून आणलेले जीव. पंच्याऐंशी अंशांच्या कपाटात सुखाने वाढतात, बाहेर काढले की गारठून बसतात. त्यांना बॅक्टेरिया म्हटलं की प्रोफेसर चिडतात, आर्किया म्हणायचं. खायला काय, तर हायड्रोजन, गंधक आणि कार्बन डायऑक्साइड. चक्क वाऱ्यावर जगणारी पोरं, वास मात्र सडक्या अंड्याचा.

शुक्रवारचं कुठल्याच वहीत नाही, म्हणून इथे लिहिते. १९८१च्या ईस्टरला चार दिवस सुट्टी लागून आली. परत येऊन बघते तर सगळ्या बाटल्या मलूल, एकीत जराशी धुगधुगी. प्रोफेसर परदेशी. माझी पाचावर धारण बसली. मग आईची युक्ती केली. आई केकमध्ये दालचिनी घालायची ती सुरीच्या टोकावर मावेल एवढी. तेवढाच यीस्टचा अर्क मी उकळलेल्या पाण्यात कालवला आणि सुईने बुचातून एकेका बाटलीत थेंब थेंब सोडला. दोन दिवसांत पोरं उभी राहिली. तेव्हापासून दर शुक्रवारी देते. ते काही जेवण नव्हे. बाबा रविवारी गाईंना मिठाचा खडा चाटायला द्यायचे, तसलंच. प्रयोगवहीत कोणी स्वयंपाकाची मापं लिहीत नाही.

ट्रेगरच्या चार बाटल्याही कपाटात होत्या. बाकीचे सोमवारी कामाला लागतात, दोनतीनदा ताज्या पाण्यात पोरं बदलून घेतात आणि मग बुधवार-गुरुवारी मोजमाप. नवीन माणसाला मात्र कपाट शनिवार-रविवारीच मोकळं मिळतं, म्हणून ती शुक्रवारी दुपारी लावते आणि सोमवारी काढते. तिच्या चारींनाही दिलं. बाई कशी का असेना, पोरं उपाशी ठेवायची नाहीत.

बुधवार, २४ नोव्हेंबर

ट्रेगरचा पहिला निकाल म्युनिकहून आला. काम असं आहे: पोरांना जो कार्बन डायऑक्साइड द्यायचा, त्यातला कार्बन नेहमीपेक्षा किंचित जड, म्हणजे खूण केलेला असतो. ती दुसरं काही खात नाहीत. तेव्हा अंगात जे जे बांधतील त्या सगळ्यावर खूण उमटायला हवी. हिच्या बाटल्यांत पाचव्या हिश्श्यावर खूणच नाही.

गेरोल्ड, तो चौथ्या वर्षाचा विद्यार्थी, म्हणाला, "ट्रेगरबाई, पाचवा हिस्सा तिकडेच विसरून आलात का?" सगळे हसले. मीही हसले. ती हसली नाही.

कॉफीनंतर माझ्याकडे आली. "लेर्मरबाई, शुक्रवारी संध्याकाळी माझ्या बाटल्यांना कोणी हात लावतं का?"

मी म्हटलं, "माझ्या कपाटात? कोणीही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग "बरं" म्हणून गेली. हात लावतं का म्हणे. स्वतःचं चुकलं की दुसऱ्यावर ढकलायचं. खाई त्याला खवखवे.

शुक्रवार, ३ डिसेंबर

आज रंगेहाथ पकडलं. म्हणजे तिला नाही, तिच्या बाटल्यांना.

नाताळच्या सजावटीचं खोकं आणायला तळघरात गेले. तिथे काचसामान वाळवायची जुनी भट्टी आहे, दोन वर्षांत कोणी लावली नव्हती. आज तिचा दिवा चालू. उघडून बघते तर आत टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बाटल्या, वर ट्रेगरचं अक्षर. पंच्याऐंशी अंश. चोरून! माझ्या कपाटात जागा असताना तळघरात लपवायचं काय कारण? जो सरळ असतो तो ताकाला जाऊन भांडं लपवत नाही.

तिथेच उभी राहून विचार केला की आत्ताच्या आत्ता प्रोफेसरांकडे जावं. पण ते चारच्या गाडीने गेले होते. राग आला खरा, पण त्यात पोरांचा काय दोष? बिचारी दोन दिवस त्या कळकट भट्टीत. वर जाऊन सुई आणली आणि त्यांनाही शुक्रवारचं दिलं. मग भट्टी होती तशी लावून ठेवली, म्हणजे तिला कळायला नको की मी पाहिलं.

सोमवार, १३ डिसेंबर

आज बैठकीत ट्रेगरची बोलायची पाळी. वीडेनमान प्रोफेसरांनी आधी फळ्यावर त्यांचं चक्र काढलं, ते प्रत्येक बैठकीत काढतात. आपल्या पेशी ज्या चक्रात अन्न जाळून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, तेच चक्र ही पोरं उलटं फिरवतात आणि वायूतून अन्न बांधतात. हे प्रोफेसरांनी जगाला दाखवलं. त्यावरच आमची प्रयोगशाळा उभी आहे.

ट्रेगर उठली. आवाज स्थिर होता. म्हणाली, "चक्राबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या जीवांचं अंग ज्या बारीक कणांचं बनतं, त्यांची मोजदाद मी नीट पाहिली. अर्धवट खुणेचा कण जवळजवळ नाहीच. बहुतेक पूर्ण खुणेचे आणि थोडे पूर्ण कोरे. म्हणजे कोरे कण या जीवांनी बांधलेच नाहीत. तयार मिळाले. घरी केक करायचा आणि बेकरीतला आणायचा, यात जो फरक आहे तो."

"आणि या बेकरीवाल्याचं नाव?" प्रोफेसर म्हणाले.

"ते मला सांगता येणार नाही."

"वहीत गंधक आणि वायूंपलीकडे काहीही नाही, ट्रेगरबाई. बाटल्या तुमच्या, सुई तुमची. तुमच्याशिवाय त्यांना हात कोण लावतं?"

तिने एक क्षण माझ्याकडे बघितल्यासारखं वाटलं. "नावं घेण्यापेक्षा मी प्रयोग पुन्हा करते," म्हणाली. तळघरातल्या बाटल्यांचाही तोच निकाल आला असावा, कारण त्यांच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तो लपवलेला प्रयोग का सांगितला नाही? मी मनात तोच विचार करत होते.

नंतर माझी नाताळची बिस्किटं वाटली. तिने तीन घेतली, कागदात बांधून मुलीसाठी ठेवली. मी आणखी चार दिली. पोरीचा काय दोष.

सोमवार, १० जानेवारी १९९४

सुट्टी संपली. नोंद करण्याजोग्या तीन गोष्टी.

एक: सकाळी पावणेसातला आले तर ट्रेगर यीस्टच्या अर्काची बरणी वजनकाट्यावर ठेवत होती. तिच्या प्रयोगात यीस्टचं कामच नाही. मला बघून म्हणाली, "शुभ सकाळ, लेर्मरबाई. ही बरणी कोण वापरतं हो?" मी म्हटलं, "ज्याला लागेल तो." तिने वजन लिहून घेतलं.

दोन: दुपारी ती वापरलेली बुचं भिंगाखाली धरून बसली होती. एकेका भोकाशेजारी लाल ठिपका लावत होती.

तीन: ती जेवायला गेल्यावर मी ती बुचं त्याच भिंगाखाली बघितली. प्रत्येकावर दोन भोकं लाल ठिपक्याची आणि एक बिनठिपक्याचं. वहीत तिने दोनच टोचण्या लिहिल्यात, एक वायूची आणि एक पोरं सोडण्याची. मग तिसरी? माझी सुई सगळ्यात बारीक, तिचं भोक डोळ्यांना दिसतही नाही. तेव्हा हे ट्रेगरचंच.

आता सगळं लख्ख दिसतंय. बाई यीस्ट चोरून बाटल्यांत घालते आणि मग म्हणते, बघा बघा, मला नवीन काहीतरी सापडलं. चार दिवसांत नाव, करार, सगळं.

शुक्रवार, १४ जानेवारी

आज वर गेले, तिसऱ्या मजल्यावर, प्रोफेसरांच्या खोलीत. दार लावून घेतलं.

सगळं सांगितलं. तळघर, बरणी, बुचं. एक बूच रुमालात गुंडाळून नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. प्रोफेसरांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

"खात्री आहे, लेर्मरबाई?"

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, साहेब. उगीच कोणाचं नाव घेणारी बाई मी नव्हे."

"तुम्ही नसता तर मला कळलंच नसतं," म्हणाले. बिचारे एकदम थकलेले दिसले. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. खाली येऊन पोरांना शुक्रवारचं दिलं आणि घरी आले.

बुधवार, १९ जानेवारी

ट्रेगरला पत्र मिळालं. फेब्रुवारीअखेर काम थांबवायचं, करार पुढे नाही. कॉफीच्या टेबलावर वाचलं, घडी घातली, पाकिटात ठेवलं, पाकीट खिशात. गेरोल्डने विचारलं, "काही वाईट?" म्हणाली, "मुलीसाठी पाळणाघर शोधायला लागेल, पुन्हा." एवढंच. कपही धुऊन ठेवला.

मी जिंकले म्हणायचं. पण दुपारचं जेवण गेलं नाही.

शुक्रवार, २८ जानेवारी

अक्षर वाईट येतंय, तरी लिहिते.

अडीच वाजता, सगळे निघत असताना, ट्रेगर माझ्याकडे आली. हातात बुचांची पेटी. ती माझ्यापुढे उघडून ठेवली आणि म्हणाली, "लेर्मरबाई, माझी एकच विनंती आहे. आज माझ्या बाटल्यांना काही देऊ नका. फक्त आजच्या दिवस."

मी म्हटलं, "काय देऊ नका?"

"जे शुक्रवारी देता ते."

ती खुर्ची ओढून बसली. आवाज चढवला नाही. सोमवारी बरणीचं वजन नेहमी कमी भरतं, दर वेळी साधारण तेवढंच. तिसरं भोक फक्त शुक्रवारची रात्र कपाटात काढलेल्या बाटल्यांवर असतं. आणि तळघरातल्या दोन बाटल्यांवरही होतं. "तिथेही तुम्ही येऊन गेलात," ती म्हणाली. "ते बघून मला हसावं की रडावं कळेना."

"अहो, सुरीच्या टोकाएवढं तर देते," मी म्हटलं. "त्याने काय होतंय? गाईला मीठ देतात तसं."

"आपल्याला ते मीठ. त्यांना ती मेजवानी. यीस्टमध्ये सगळे कण तयार असतात. ते मिळाले की कोण कशाला वायूपासून बांधत बसेल?"

मग तेच विचारलं जे विचारायला नको होतं. "कधी कळलं तुम्हाला?"

"संशय नोव्हेंबरात आला. खात्री जानेवारीत."

"मग वर का नाही सांगितलंत? पत्र आलं तेव्हा तरी?"

"मी कोणाबद्दल वर जाऊन सांगत नाही," म्हणाली. "वाटलं होतं, तुम्ही स्वतः सांगाल. मी विचारलं होतं तुम्हाला."

खरंच विचारलं होतं. मी कोट घालून निघाले. सुई उकळलीच नाही.

रविवार, ३० जानेवारी

चर्चमधून सरळ प्रयोगशाळेत गेले. कपाटाच्या काचेतून बघितलं. सगळ्या बाटल्या स्वच्छ, पाण्यासारख्या; पोरं वाढली की पाणी गढुळतं, ते कुठेच नाही. माझ्याही, तिच्याही. तेरा वर्षांत पहिल्यांदा पोरं उपाशी आहेत.

बरणी काढली, झाकण उघडलं, बंद केलं. पुन्हा उघडलं. समजा पोरं मेली, तर ट्रेगरचं म्हणणं खोटं ठरेल का खरं? प्रोफेसरांचं चक्र खोटं ठरेल का? मला तेवढी अक्कल नाही. मला फक्त त्यांना वाढवता येतं. म्हणजे इतके दिवस असं वाटत होतं.

दोन वर्षांत मी निवृत्त होणार. सगळे म्हणतात, लेर्मरबाईंच्या हाताला गुण आहे, त्यांच्या बाटल्या कधी मरत नाहीत. तो गुण बरणीतला होता हे उद्या सगळ्यांना कळेल. गप्प बसले तर कोणालाच कळणार नाही, महिन्याभरात ट्रेगर जाईल, आणि ती कोणाला सांगणार नाही हे मला ठाऊक आहे. हे ठाऊक आहे याचीच जास्त लाज वाटते.

बरणी जागेवर ठेवली.

सोमवार, ३१ जानेवारी

बाटल्या गढुळल्या होत्या. पातळ, नेहमीच्या निम्म्या, पण गढुळल्या होत्या. जिवंत आहेत. वाऱ्यावर जगतात, खरंच जगतात. मी कपाटापुढे उभी राहून रडले. गेरोल्ड बघून मागच्या मागे गेला.

मग वर गेले. दार लावलं नाही.

सुरुवातीपासून सांगितलं, ईस्टरपासून. प्रोफेसरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. शेवटी म्हणाले, "दर शुक्रवारी?"

"दर शुक्रवारी."

"सगळ्या बाटल्यांना?"

"कोणालाही वगळलं नाही, साहेब."

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. बाकीच्यांच्या मोजमापापर्यंत बाटल्या दोनतीनदा बदलल्या जातात, त्यात तो थेंब विरून जातो, म्हणून आजवर कोणाला दिसलं नाही, असं स्वतःशीच पुटपुटत होते. मग वळून म्हणाले, "आणि त्या बाईची तक्रार घेऊन तुम्हीच आला होतात."

"हो."

"मी तिला पत्र दिलं."

"हो, साहेब."

त्यांनी ट्रेगरला बोलावलं आणि माझ्यादेखत सगळं सांगितलं, माझी तक्रारही. त्या उपाशी बाटल्या म्युनिकला पाठवायच्या, सोबत मुद्दाम यीस्ट दिलेल्याही. निकाल येईपर्यंत पत्र लागू नाही. कपाटाची किल्ली मी आपणच टेबलावर ठेवली. प्रोफेसरांनी ती परत दिली नाही.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

निकाल आला. उपाशी बाटल्यांत झाडून सगळ्या कणांवर खूण. यीस्टच्या बाटल्यांत पाचवा हिस्सा कोरा, तंतोतंत. प्रोफेसरांचं चक्र शाबूत आहे आणि ट्रेगरचं काम चोख होतं. बैठकीत प्रोफेसरांनी तिची सगळ्यांसमोर माफी मागितली. तिला दोन वर्षांचा करार मिळाला. सगळ्यांनी टेबलावर मूठ वाजवली, आमच्याकडे शाबासकी अशीच देतात. मीही वाजवली, सगळ्यात जास्त वेळ.

बैठकीनंतर मी बाटल्या धुवायला लागले. आता माझ्याकडे तेवढंच काम आहे. ट्रेगर आली आणि फडकं घेऊन पुसू लागली. मी म्हटलं, "राहू द्या हो." ऐकलं नाही. मी म्हटलं, "ट्रेगरबाई, माझं चुकलं. फार चुकलं. मला माफ करा." हे मी आयुष्यात किती जणांना म्हटलंय, बोटांवर मोजता येईल.

"यीस्टचं? ते केव्हाच केलं," ती म्हणाली. "तुम्ही मायेने दिलंत. पुढे नातवंडांना सांगेन मी."

मग तिने पुढची बाटली पुसायला घेतली. म्हणाली, "आईने गेल्या वर्षी सरकारी कचेरीत जाऊन स्वतःची फाइल वाचली, तिकडच्या गुप्त पोलिसांनी तिच्यावर ठेवलेली. आता वाचता येतात. अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. आमच्याकडे किती वाजता कोण आलं, आई काय बोलली. लिहिणारी शेजारीण होती. मला लहानपणी सांभाळायची."

मी नळ बंद केला.

"आई तिला भेटायला गेली. तेव्हा कळलं, त्या बाईला धमकी होती. मुलाला कॉलेजात जागा हवी असेल तर दर महिन्याला लिहून द्या. आईने माफ केलं. म्हणाली, तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं कोणास ठाऊक." तिने बाटली उजेडात धरून बघितली. "म्हणून एक विचारायचं होतं. राग नाही, खरंच नाही. जानेवारीत तुम्ही वर गेलात, तेव्हा प्रोफेसरांनी सांगितलं होतं का तुम्हाला, माझ्यावर लक्ष ठेवा म्हणून?"

हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. तिला तेच ऐकायचं होतं, आणि तिने कोणाकडे जाऊन खातरजमा केली नसती.

"नाही," मी म्हटलं. "मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी आपणहून गेले."

तिने मान हलवली. बाटली फळीवर उलटी ठेवली, फडकं दोरीवर नीट पसरलं. "बरं, लेर्मरबाई," म्हणाली आणि मुलीला आणायला निघून गेली.